सोळा नंबरची बाटली

“माह्या पोरीनं खोटं केलं असंन, तर तसं तोंडावर सांगा, ताई. पण आधी पाहा तरी.”

संघदीप नगराळे उभ्यानंच बोलले. मारेगावला ते शाळेचे गणवेश शिवतात. सकाळच्या पहिल्या एसटीनं ते यवतमाळला आले होते आणि बसस्थानकावरून थेट दत्त चौकातला हा जिना चढले होते. त्यांच्या मागं त्यांची मुलगी अर्पिता उभी होती. वय अठ्ठावीस. आठ दिवसांत तिला धड झोप लागलेली नाही, हे ओळखायला तपासनीस लागत नव्हता.

सत्यभामा वानखडे यांनी दोघांना बसायला लावलं. अमरावतीला बोटांच्या ठशांच्या विभागात सव्वीस वर्षं भिंगाखाली रेषा पाहून त्या निवृत्त झाल्या होत्या. गेली चार वर्षं यवतमाळात खासगी तपासाची कामं घेत होत्या. सोबतीला धरमसिंग चव्हाण, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. गाडी चालवणं, चहा सांगणं आणि सगळ्यांत आधी चुकीच्या माणसावर संशय घेणं, ही त्यांची कामं.

“पहिल्यापासून सांग,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

“मी समुद्राचं जुनं हवामान शोधते, मॅडम.”

“यवतमाळात?” धरमसिंगनं विचारलं.

“समुद्राच्या तळाचा गाळ कुठंही नेता येतो, काका.” अर्पिता पहिल्यांदाच किंचित हसली. “गोव्याच्या संस्थेचं जहाज अरबी समुद्रात जातं. तळात लांब नळी खुपसून गाळ काढतात. वरचा गाळ ताजा, खालचा जुना. त्याच्या शंभर चकत्या आमच्या कॉलेजला मिळाल्या. एका चकतीपासून पुढची दोनशे वर्षं जुनी. म्हणजे एकूण वीस हजार वर्षं. गाळ धुतला की खाली बारीक रेती उरते. ती शंभर बाटल्यांत भरली आहे. पहिली बाटली आजची, शंभरावी हिमयुगातली.”

“आणि रेतीत काय असतं?”

“कवचं. खसखशीपेक्षा लहान जिवांची. जिवंत असताना ते पाण्यात तरंगतात, मेले की कवच तळाशी बसतं. त्यातली एक जात आहे, तिला मी बुलो म्हणते. मान्सूनचा वारा जोरात असला की खालचं थंड पाणी वर येतं, आणि त्यात बुलो भराभर वाढते. बुलो जास्त म्हणजे मान्सून जोरदार. बुलो कमी म्हणजे मान्सून दुबळा. दीड वर्ष सूक्ष्मदर्शकाखाली बसून मी प्रत्येक बाटलीतली तीनतीनशे कवचं मोजली. आपल्या पावसाचा वीस हजार वर्षांचा आलेख काढला.”

“आणि तो खोटा आहे असं कोण म्हणतं?”

अर्पितानं मान खाली घातली. “माझे सर.”

प्राध्यापक वामनराव काळबांडे हे विभागप्रमुख आणि तिचे मार्गदर्शकही. बी.एस्सी.पासून त्यांनीच तिला शिकवलं होतं. प्रबंध तपासायला नागपूरहून डॉ. वैष्णवी देवतळे आल्या. त्यांनी पडताळणीसाठी दहा बाटल्या निवडल्या आणि स्वतः मोजणी केली. सहा जुळल्या. चार अजिबात जुळल्या नाहीत. त्यावर वामनरावांनीच प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली, की विद्यार्थिनीनं आकडे मनानं भरलेले दिसतात. उद्या अकरा वाजता समितीची बैठक होती. नाव कमी झालं, तर प्रबंध गेला. जहाजावरच्या पुढच्या मोहिमेत एका विद्यार्थ्याला जागा होती, तीही गेली.

“मोजलेली कवचं वेगळी ठेवली नाहीत?”

“नाही. मोजून झाली की त्याच बाटलीत परत टाकली. फोटो आहेत. पण फोटोचं नाव कोणीही बदलू शकतं, असं सर म्हणाले.” तिनं पिशवी उघडली. “त्यांनी ते म्हणायला नको होतं.”

तिनं अहवालाचा कागद पुढं केला. त्यावर दहा बाटल्यांचे नंबर छापले होते.

7, 16, 19, 24, 35, 43, 47, 68, 77, 91.

“न जुळलेल्या कुठल्या?”

“16, 19, 68 आणि 91.”

“सोळामध्ये काय निघालं?”

“माझ्या मोजणीत बुलो शेकडा बेचाळीस होती. आता अकरा निघाली.”

“आणि एक्क्याण्णवमध्ये?”

“माझी बारा. आता एक्केचाळीस.”

सत्यभामाबाईंनी ते आकडे वहीत एकाखाली एक उतरवले आणि थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिल्या.

“मोजणी झाल्यावर बाटल्यांना हात कोणी लावला?”

“मार्चमध्ये माझी मोजणी संपली. एप्रिल, मे मी प्रशिक्षणाला गोव्याला होते. जूनपासून घरी लिहीत बसले. मागच्या आठवड्यापर्यंत मी ते कपाट उघडलंच नाही. खोलीच्या किल्ल्या तिघांकडं असतात. सर, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या लीलाबाई आणि माझ्यासोबत संशोधन करणारा अक्षय भोयर. माझी मी गोव्याला जाताना सरांकडं जमा केली होती.”

“जहाजावरची जागा तुला मिळाली नाही तर कोणाला?”

अर्पितानं वडिलांकडं पाहिलं. उत्तर तिच्या वडिलांनी दिलं. “अक्षयले.”

धरमसिंगनं सत्यभामाबाईंकडं असं पाहिलं, की प्रकरण संपलंच.

*

पोळा होऊन आठवडा झाला होता. दुपारचं ऊन पुन्हा तापू लागलं होतं. धरमसिंगनं आपली व्हॅन कॉलेजच्या फाटकाशी निंबाखाली लावली.

प्राचार्यांनी हरकत घेतली नाही. मुलीला आपली बाजू मांडायचा हक्क आहे, एवढंच ते म्हणाले आणि लीलाबाईंना खोली उघडायला सांगितलं.

खोली लहान होती. दारावर पाटी होती : ‘या खोलीत कूलर लावू नये. विभागप्रमुख.’ आत एक प्लायवूडचं कपाट, एक टेबल, एक खुर्ची आणि एक खिडकी. कपाटाच्या वरच्या तीन कप्प्यांत दगडांचे नमुने होते. सगळ्यांत खालच्या कप्प्यात दोन ट्रे होते. त्यात प्लॅस्टिकच्या बुटक्या गोल बाटल्या ओळीनं लावलेल्या होत्या.

सत्यभामाबाई सतरंजी मागवून खाली बसल्या. भिंग काढलं. प्रत्येक बाटलीच्या अंगावर संगणकावर छापलेलं लेबल होतं. झाकणावर काळ्या मार्करनं इंग्रजी आकड्यांत फक्त नंबर.

“झाकणावर कोणी लिहिलं?”

“मीच,” अर्पिता म्हणाली. “घाईत. सगळी माहिती लेबलावर असते. झाकणावरचा नंबर फक्त वरून पटकन दिसावा म्हणून.”

“आणि लेबलं?”

“तीही मीच छापली, दोन वर्षांपूर्वी. फाइल प्रयोगशाळेच्या संगणकात आहे.”

“वरच्या दगडांवरची लेबलं?”

“ती त्याच दिवशी छापली होती. एकाच कागदावर.”

सत्यभामाबाईंनी मान वर करून दगडांकडं पाहिलं. त्यांची लेबलं पिवळसर पडली होती, कडा उचलल्या होत्या. बाटल्यांवरची पांढरीशुभ्र होती.

मग त्यांनी ट्रे बाहेर काढायला लावले आणि कप्प्याच्या तळावर हात फिरवला. प्लायवूड फुगून पापुद्रे सुटले होते. वरच्या कप्प्यांचा तळ मात्र सपाट आणि कोरडा होता. प्रत्येक कप्प्यात वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. वरची मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरातली होती. खालचं यंदाच्या मे महिन्यातलं. रविवारची पुरवणी. तिच्यातलं शब्दकोडं शेवटच्या चौकटीपर्यंत भरलेलं होतं.

“लीलाबाई, हा कागद तुम्ही अंथरला?”

पन्नाशीच्या लीलाबाई दाराशी पदर चाळवत उभ्या होत्या. “नाही जी. मी दिवाळीच्या आधी सारे पेपर बदलतो, वर्षातून एकडाव. मे महिन्यात तं मी इथं नव्हतीच. पोरीचं बाळंतपण होतं. अख्खा महिना मारेगावले होती. आल्यावर पाह्यलं तं खालचा पेपर नवा. मले वाटलं, कोणीतरी बदलला असंन.”

“कोणाला विचारलं नाही?”

“पेपरचं कायले विचारा लागते?” लीलाबाई म्हणाल्या, आणि मग एकदम त्यांचे डोळे भरून आले. “हे पोरगं इथं बसून डोळे फोडून घेत होतं, बाई. जेवाले उठ म्हटलं तं उठे नाही. थे खोटं कायले लिहीन?”

अर्पितानं तोंड फिरवलं.

*

अक्षय भोयर ग्रंथालयात सापडला. उंच, बारीक, बोलताना पेनाचं टोपण काढघाल करणारा. त्याच्या घरची नेरला कापूस-तुरीची शेती होती.

“संशय माझ्यावरच येणार, हे मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“काहून? येण्यासारखं काही केलं का?” धरमसिंग पुढं सरकले.

“तिला जागा मिळाली नाही तर मला मिळते. एवढं पुरेसं नाही का? पण मला ती जागा अशी नको आहे. माझं काम दगडांवर आहे, काका. कवचांमधली बुलो कुठली आणि दुसरी कुठली, मला अजूनही नीट ओळखता येत नाही.”

“मे महिन्यात कुठं होतास?” सत्यभामाबाईंनी विचारलं.

“नेरला. बहिणीचं लग्न होतं. एप्रिलच्या शेवटी गेलो, पाच जूनला आलो. हजेरीपटात आहे.”

“आल्यावर त्या खोलीत गेला होतास?”

“हो. दगड घ्यायला.” त्याचं टोपण थांबलं. “खोलीत ओल्या वाळ्याचा वास होता. कूलरच्या ताट्यांना येतो ना, तसा. मला नवल वाटलं, कारण तिथं कूलर लावायची बंदीच आहे. सर तर पाण्याची बाटलीसुद्धा आत नेऊ देत नाहीत.”

बाहेर आल्यावर धरमसिंग म्हणाले, “पोरगा सफाईनं बोलून राह्यला, बाई. जास्तच सफाईनं. चार बाटल्यांतली रेती काढली, दुसरी भरली. पाच मिनिटाचं काम.”

“कुठली दुसरी, धरमसिंगभाऊ? रेती वीस हजार वर्षांची हवी. ती बाजारात मिळत नाही.”

“मंग त्याच बाटल्यांमंधी अदलाबदल केली असंन.”

सत्यभामाबाई चालता चालता थांबल्या. “हे तुम्ही बरोबर बोललात. सोळाची बेचाळीस होती, ती एक्क्याण्णवमध्ये एक्केचाळीस निघाली. एक्क्याण्णवची बारा होती, ती सोळामध्ये अकरा निघाली. एकदोन इकडंतिकडं मोजणीत होतंच. म्हणजे काही चोरीला गेलेलं नाही, काही घातलेलंही नाही. फक्त जागा बदलल्या आहेत.”

“मंग मी म्हणतो तेच तं झालं!”

“नाही. ज्याला मुलीला खोटं पाडायचं असतं, त्याला शंभर बाटल्यांतल्या कुठल्या दहा उघडल्या जातील, हे कसं कळलं असतं? त्यानं पन्नास बदलल्या असत्या. आणि बदलल्यावर पांढरीशुभ्र लेबलं शंभरच्या शंभर बाटल्यांवर कशाला लावली असती?”

 धरमसिंग व्हॅनची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिले.

*

वामनराव काळबांडे यांच्या टेबलावर सगळं सरळ रेषेत मांडलेलं होतं. फाइली, पेनं, चष्म्याची डबी. शेजारी वर्तमानपत्राची घडी होती. त्यातल्या शब्दकोड्याच्या दोनच चौकटी रिकाम्या होत्या. सत्यभामाबाई आत आल्या तशी त्यांनी ती घडी खणात ठेवली.

“मला या प्रकाराचा आनंद झाला असेल, असं तुम्हाला वाटतं का?” त्यांनी विचारलं. अठ्ठावन्न वर्षांचे, कडक इस्त्रीचे, आणि आज फार थकलेले दिसत होते. “अर्पितासारखी विद्यार्थिनी मला तीस वर्षांत मिळाली नाही. पण आकडे जुळत नाहीत. मी गप्प बसलो असतो, तर माझी विद्यार्थिनी म्हणून झाकलं, असं झालं असतं. नियम सगळ्यांना सारखे.”

“बाटल्यांमध्ये काही गडबड झाली असेल, असं नाही वाटलं?”

त्यांनी एक फाइल उघडून मिटली. “वाटलं. तोही विचार मी केला. पण गडबड झाली असती, तर सगळंच बिघडलं असतं. सहा बाटल्या अगदी तंतोतंत जुळल्या. चारच कशा बिघडतील? मोजायचा कंटाळा आला म्हणून चारपाच ठिकाणी आकडे भरले, हेच त्याचं सरळ स्पष्टीकरण आहे. दुर्दैवानं.”

“मेमध्ये तुम्ही इथंच होतात?”

“मी कुठं जाणार? विभाग सांभाळायला कोणीतरी हवं. या केबिनच्या कूलरची मोटर जळली होती, तरी रोज येत होतो.”

“रविवारीसुद्धा?”

“कधीकधी रविवारीसुद्धा,” वामनराव म्हणाले आणि सरळ ठेवलेली पेनं पुन्हा सरळ करू लागले.

*

संध्याकाळी आर्णी रोडवरच्या टपरीवर धरमसिंग दुसरा चहा घेत होते. सत्यभामाबाईंचा पहिलाच निवून गेला होता. त्यांनी वहीत एक ते शंभर आकडे इंग्रजीत लिहून काढले होते, आणि वही हातात गोल गोल फिरवत एकेका आकड्याभोवती वर्तुळ करत होत्या.

“बाई, पोरीचं काय होईन?”

“उद्या दोन बाटल्या उघडायला लावीन. त्यात मला वाटतंय ते निघालं, तर सुटली.”

“अन् नाही निघालं तं?”

त्यांनी वही मिटली. “चला. संघदीपभाऊंना सांगा, रात्री मुक्कामाला माझ्याकडं या. मुलीला दोन घास खाऊ घालायचेत.”

*

दुसऱ्या दिवशी अकराला प्राचार्यांच्या दालनात सहाजण लांब टेबलाभोवती बसले. एका बाजूला प्राचार्य आणि डॉ. वैष्णवी देवतळे. समोरच्या बाजूला वामनराव आणि अक्षय. टोकाला अर्पिता, तिच्या शेजारी सत्यभामाबाई. संघदीप आणि लीलाबाई दाराशी उभे होते. आत यायला सांगूनही ते आले नाहीत. धरमसिंगनं बाटल्यांचे ट्रे आणून ठेवले.

“मी शास्त्रज्ञ नाही,” सत्यभामाबाईंनी सुरुवात केली. “मला कवचांमधलं काही कळत नाही. पण कवचं खोटं बोलत नाहीत, एवढं कालपासून कळलं आहे. ती जिथली आहेत, तिथलीच असतात. आपण त्यांच्यावर लावलेली नावं तेवढी चुकतात.”

त्यांनी ट्रेमधून एक बाटली उचलली, लेबलावर हाताची मूठ वळली आणि बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली.

“प्राचार्यसाहेब, झाकणावरचा आकडा वाचा.”

“सोळा,” प्राचार्य म्हणाले.

“काळबांडे सर, तुम्ही वाचा.”

वामनरावांनी पुढं वाकून पाहिलं. “एक्क्याण्णव.”

प्राचार्यांनी चमकून त्यांच्याकडं पाहिलं.

“दोघंही बरोबर वाचताय,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “झाकण गोल आहे. त्याला वर नाही, खाली नाही. इंग्रजी 6 उलटा केला की 9 होतो. 8 दोन्हीकडून 8. आणि अर्पिता 1 म्हणून नुसती उभी रेघ ओढते. त्यामुळं 16 उलटला की 91. 19 उलटला की 61. 68 उलटला की 89. ठशांच्या विभागात आम्ही पहिल्या दिवशी शिकतो, की ठशाची वरची बाजू कुठली, ते बाण काढून ठेवायचं. नाहीतर हुशार माणूससुद्धा फसतो.”

डॉ. देवतळेंनी झटकन आपला अहवाल पुढं ओढला. “आणि ज्या सहा जुळल्या... 7, 24, 35, 43, 47, 77...”

“त्या कशाही फिरवा, दुसरा आकडा होतच नाही. म्हणून त्या बिघडल्या नाहीत. शंभरांत अशा फसव्या जोड्या सातच आहेत. काही नशिबानं बरोबर लागल्या असतील. तुमच्या दहांत आलेल्या चारही चुकल्या.”

“पण लेबल आहे ना,” प्राचार्य म्हणाले. “झाकण कोण वाचतं?”

“लेबल निघून गेलं, तर झाकणच वाचावं लागतं. मेमध्ये या कपाटाच्या तळाशी पाणी साचलं होतं. खालचं प्लायवूड फुगलंय, वरचं कोरडं आहे. अक्षयला जूनमध्ये ओल्या वाळ्याचा वास आला. म्हणजे पाणी कूलरचं. बाटल्यांची झाकणं घट्ट होती, आत थेंब गेला नाही. पण सगळ्या लेबलांचा डिंक सुटला. कोणीतरी बाटल्या बाहेर काढल्या, पुसल्या, वाळवल्या. त्यात क्रम मोडला. मग संगणकातली जुनी फाइल छापून झाकणावरचे आकडे बघत शंभर नवी लेबलं लावली. म्हणून बाटल्यांची लेबलं पांढरी आहेत आणि त्याच दिवशी छापलेली दगडांची पिवळी.”

“हाताला आलेली बाटली 91 वाचली, 91 चं लेबल लावलं,” डॉ. देवतळे हळूहळू म्हणाल्या. “नंतर दुसरी आली...”

“तेव्हा एकच लेबल उरलेलं. झाकण फिरवलं की आकडा बरोबर जुळला. शंका यायचं कारणच नव्हतं.”

“कोणी केलं हे?” प्राचार्यांनी विचारलं.

“आधी मी म्हणते ते खरं आहे का, ते पाहू. अजून न उघडलेली बाटली घ्या. 61. अर्पिताच्या तक्त्यात तिथं बुलो शेकडा अठरा आहे. माझं म्हणणं खरं असेल, तर आत 19 ची रेती आहे. अर्पिताच्या तक्त्यात 19 ला एकोणचाळीस आहे. आणि 89 घ्या. तिथं तेरा लिहिलंय. सापडायला हवीत 68 ची सत्तावीस.”

डॉ. देवतळे बाटल्या घेऊन शेजारच्या प्रयोगशाळेत गेल्या. पूर्ण मोजणीला वेळ लागला असता. त्यांनी प्रत्येकी शंभर कवचं मोजायचं ठरवलं. त्यालाही पाऊण तास लागला.  वामनराव खिडकीबाहेर पाहत होते. अर्पितानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून घट्ट धरलं होतं. सत्यभामाबाई पर्स मांडीवर घेऊन सरळ बसल्या होत्या.

डॉ. देवतळे दारात आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा रंग आला होता.

“61 मध्ये अडतीस. 89 मध्ये सव्वीस.” त्या अर्पिताकडं वळल्या. “तुझी एकही मोजणी चुकलेली नाही. एकही नाही.”

अर्पिता रडली नाही. तिनं एक मोठा श्वास सोडला, इतका मोठा की दाराशी उभ्या संघदीपना तो ऐकू गेला आणि ते तिथंच उंबऱ्यावर खाली बसले.

“आता दुसरा प्रश्न,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “मेमध्ये अर्पिता गोव्याला. अक्षय नेरला, लीलाबाई मारेगावला. दोघांची हजेरी मी पाहिली. किल्ली उरली एकाकडंच. कपाटात अंथरलेल्या रविवारच्या पुरवणीत शब्दकोडं पुरं सोडवलेलं आहे. आणि लेबलाच्या डिंकाच्या बाजूला बोटाचा ठसा वर्षानुवर्षं टिकतो. तो काढायची वेळ येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.”

वामनराव उठून उभे राहिले. 

“येणार नाही,” ते म्हणाले. “ते मीच केलं. माझ्या केबिनचा कूलर बंद होता. पंचेचाळीसच्या वर पारा होता. रविवारी इमारतीत कोणी नव्हतं. मी घरचा छोटा कूलर आणून त्या खोलीत बसलो. कूलरमध्ये पाण्याची नळी सोडली, नळ चालू ठेवला आणि तसाच घरी गेलो. सोमवारी पाहिलं, तर खोलीत पाणी. पाटी मीच लावलेली होती. तीस वर्षं मी इतरांना नियम शिकवले. मला तोंड दाखवायची लाज वाटली. वाटलं, नीट पुसून, लेबलं लावून ठेवली की झालं. कोणाचं काही नुकसान नाही.”

“आणि आकडे जुळेनात तेव्हा?” प्राचार्यांचा आवाज चढला.

“तेव्हा मी स्वतःला समजावलं, की लेबलांचा दोष असता, तर सगळंच चुकलं असतं. मला ते पटलं. पटवून घेणं सोयीचं होतं.” ते अर्पिताकडं वळले. “मी तुझ्यावर संशय घेतला, आणि दोष माझ्या हातात होता. त्या दिवशी पाण्याचं एक वाक्य बोललो असतो, तर तूच पाच मिनिटांत ओळखलं असतंस.”

 दाराशी धरमसिंग पुटपुटले, “आता बोल पोरी, ऐकव त्याले.”

“सर, तक्रार लेखी दिली होतीत,” अर्पिता म्हणाली. “हेही लेखी द्या. कूलर, पाणी, लेबलं, सगळं. विद्यापीठाला आणि गोव्याच्या संस्थेलाही. तुमच्या सहीनं.”

“देतो.”

“आणि त्या चौदाही बाटल्या पुन्हा मोजायच्या आहेत. समोर दुसरा माणूस बसवून. तो तुम्ही.”

वामनराव मान हलवत खाली बसले. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि प्राचार्यांकडं कोरा कागद मागितला. पत्र लिहायला त्यांना वीस मिनिटं लागली. प्राचार्यांनी ते मोठ्यानं वाचलं. त्यात कुठंही स्वतःची बाजू घेतलेली नव्हती.

बाहेर व्हरांड्यात अक्षयनं अर्पिताला गाठलं. “जहाजावर उलटी होते म्हणतात. गोळ्या घेऊन जा,” तो म्हणाला, आणि ती आठ दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली. लीलाबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली.

दुपारी दीड वाजता पाचजण बसस्थानकासमोरच्या खानावळीत बसले होते. अर्पिता झुणका-भाकर खात होती आणि वाढणाऱ्याला पुन्हा पुन्हा बोलावत होती. संघदीप स्वतःचं ताट विसरून तिच्याकडं पाहत होते. लीलाबाई नातवाचे फोटो दाखवत होत्या.

“बाई, एक विचारू?” धरमसिंग हळूच म्हणाले. “61 मंधी दुसरंच काही निघालं असतं तं?”

“तर माझं सगळं म्हणणं जमिनीवर आलं असतं. आणि मुलगी माझ्यामुळं आणखी खोलात गेली असती.”

“पण तुम्ही तं दगडासारख्या बसल्या होत्या. मले वाटलं, बाईले पक्कं माहीत हाय.”

“पक्कं कुठलं! पाऊण तास हात थरथरत होते,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “म्हणून तर पर्सखाली दाबून ठेवले होते.”

आणि त्यांनी वाढणाऱ्याला हाक मारून आपल्यासाठी आणखी एक भाकर मागवली.